विद्रोहाच्या पोटातली उदासी

दलित समीक्षेने संतापाला प्रतिष्ठा दिली. उदासीकडे मात्र तिने कायम संशयानेच पाहिले. नवकवितेतले एकाकीपण पांढरपेशांचे, पोट भरल्यावरचे, असे आपण ठरवून टाकले. ते बरेचसे खरेही होते. पण आपल्या वस्तीतल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला उदास होण्याचा अधिकार आहे की नाही, हे विचारायचे राहूनच गेले.

'स्वदेसी' या मुंबईच्या रॅप करणाऱ्या गटाची गाणी चांदूर बाजारात मला माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकवली आणि तो प्रश्न समोर आला. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत हे तरुण बोलतात. २०१९ च्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेचे प्रकाश भोईर त्यांच्यासोबत आहेत. गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार, म्हणजे 'एमसी तोडफोड', मार्च २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षीच गेला. याच गटातला सौरभ अभ्यंकर आमच्या अमरावतीचा. शंभराचा आकडा आणि तीन रोमन अक्षरे जुळवून तो आपले नाव लिहितो. 'सौ' वाचायचे आणि पुढे 'रभ'.

रॅपला जलशाचा वारस म्हणून आपण मोकळे होतो. फरक मोठा आहे. जलसा समोरच्या समूहाला हाक देतो, त्यात झील ओढणारे साथीदार असतात. रॅप 'मी'पासून सुरू होतो. माझे विद्यार्थी ही गाणी मोर्चात वाजवीत नाहीत. अभ्यासिकेतून परतताना, कानात इअरफोन घालून, एकेकटे ऐकतात. सूर थोडा, पण श्वास ऐकू येतो. ओळ संपते तिथे लागलेल्या दमात मला रागापेक्षा थकवा अधिक जाणवतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी हाती येते, आईबाप पेढे वाटतात आणि पुढचे दार बंद असते. त्या वेळच्या सुन्नपणाला आपल्या घोषणांत शब्द नव्हता.

ही लढ्यातून माघार आहे, असे कार्यकर्ते मित्र म्हणतील. त्यांनी विलास घोगरे आठवावेत. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि काही दिवसांतच या शाहिराने गळफास घेतला. तो काय लढ्याबाहेरचा होता?

तक्रार आहे ती वेगळी. स्वतःची फुशारकी ही रॅपची जुनी खोड, आणि २०२३ मध्ये सौरभ ज्या 'एमटीव्ही हसल'मध्ये दिसला तसल्या मंचावर दुःखालाही लगेच टाळी मिळवावी लागते. टाळीची वाट न पाहता, निव्वळ वऱ्हाडीत, हळू आवाजात म्हटलेले एक गाणे त्याच्याकडून मला ऐकायचे आहे.