मार्मीला काय आवडतं?

मे महिन्यात दुपारची जेवणं उरकली, की आमच्याकडे मोठ्याने वाचन चालतं. पडदे ओढून घ्यायचे, फरशीवर चटई टाकायची, आणि एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. या वर्षी शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' काढली होती. प्रत माझ्या आईची, बांधणी सुटत आलेली. थोरली वाचत होती. धाकटी पालथी पडून ऐकत होती, ती मध्येच म्हणाली, "ज्योला लिहायला आवडतं, बेथला पियानो, ॲमीला चित्रं, मेगला नाटकात काम करायला. मग त्यांच्या आईला काय आवडतं?"

मी उत्तर द्यायला गेले आणि अडले. शाळेत असल्यापासून हे पुस्तक मी किती वेळा वाचलं असेल! ज्योने केस कापून विकले तो प्रसंग, बेथचं आजारपण, सगळं जवळजवळ तोंडपाठ. पण या चौघी बहिणींच्या आईला, मार्मीला, काय आवडतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती उबेसारखी सगळ्या घरभर असते, म्हणून तिच्याकडे वेगळं पाहायचं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलींच्या आधी उठून मी लुइसा अल्कॉटची मूळ इंग्रजी 'लिटल विमेन' घेऊन बसले, फक्त मार्मीसाठी.

कादंबरीची पहिली संध्याकाळच बघा. वडील युद्धावर, लष्करात धर्मोपदेशक म्हणून गेलेले. पैसा बेताचा. मार्चआत्याच्या चादरी शिवायच्या आहेत. चादरीची शिवण ज्याने हाताने घातली आहे त्याला ठाऊक असेल, तिच्यात कसब काही नसतं. सरळ रेष, तोच टाका, संपता संपत नाही. या मुली लांबलचक शिवणीचे चार भाग करतात आणि त्यांना युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका अशी नावं देतात. ज्या खंडातून सुई चालली असेल त्या खंडातल्या देशांच्या गप्पा मारायच्या. कल्पना ज्योची. नऊ वाजले की शिवण खाली ठेवायची आणि जुन्या पियानोभोवती जमून गायचं. त्या पियानोतून सूर काढणं फक्त बेथलाच जमतं. मेगचा आवाज बासरीसारखा, ती आणि आई मिळून गाणं पुढे नेतात. ॲमी रातकिड्यासारखी किरकिरते, ज्यो नको तिथे घसरते. त्या तशा गातात आणि त्यांना कुणी थांबवत नाही. मार्मीचा गळा मुळातच चांगला आहे. सकाळी घरात पहिला आवाज तिच्या गाण्याचा, रात्री शेवटचाही तिचाच. मुली कितीही मोठ्या झाल्या तरी निजताना त्यांना ते जुनं अंगाईगीत हवंच असतं.

पहिलं उत्तर इथे मिळालं असं मला वाटलं. मार्मीला गाणं आवडतं. पण अल्कॉटने हे गाणं कुठे ठेवलंय ते पाहिलं, की मन थोडं खट्टू होतं. ते सकाळी कामाला लागताना आहे आणि रात्री मुलींना निजवताना आहे. तिची आवड आणि तिचं काम यांच्यामध्ये सुई घालायलाही जागा नाही.

याच प्रकरणात एका जुन्या खेळाची आठवण निघते. मुली लहान असताना मार्मी त्यांच्या पाठीवर चिंध्यांच्या पिशव्या बांधून द्यायची. ते त्यांचं ओझं. डोक्याला टोपी, हातात काठी आणि कागदाची गुंडाळी. मग जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधल्या यात्रेकरूसारखं तळघरातून निघायचं आणि जिने चढत चढत गच्चीवरच्या स्वर्गनगरीत पोचायचं. तिथे फुलं, केक आणि दूध. मी त्या चिंध्यांच्या पिशवीवर बराच वेळ थांबले. आपल्याकडे गोधडीसाठी जुन्या लुगड्यांचे तुकडे बोचक्यात बांधून ठेवतात, तशीच ती शिवणाची पिशवी असणार. धर्मग्रंथासारखं वाचलं जाणारं एक जड पुस्तक, आणि त्यातला पापाचा भार उरलेल्या कापडाच्या तुकड्यांनी उभा केला, मुलांना झेपेल इतकाच. खेळ म्हणून नवं काही विकत आणलेलं नाही. घरातलं उचललं आणि पाठीला बांधलं.

ती सवय मुलींच्या हातात उतरली. नाताळच्या रात्री होणाऱ्या नाटकाची तयारी वाचताना मला दर वेळी आनंद होतो, कारण अल्कॉट इथे वस्तू मोजून दाखवते. गिटारी पुठ्ठ्याच्या. जुन्या लोणीपात्रांना चंदेरी कागद चिकटवून केलेले दिवे. जुन्या सुती कपड्यांचे झगमगते झगे, त्यांवर लोणच्याच्या कारखान्यातून आलेल्या पत्र्याच्या टिकल्या. मुरंब्याच्या डब्यांची झाकणं कापून घेतल्यावर पत्र्यात जे चौकटीच्या आकाराचे तुकडे उरतात, ते जोडून केलेलं चिलखत. गोल झाकणं कारखान्याच्या कामाची. मधले कोपरे टाकून द्यायचे, ते या मुलींच्या कामाचे. पत्र्यातल्या उरलेल्या जागेला आकार असतो, हे दिसायला डोळा लागतो. प्रेक्षक म्हणून डझनभर मुली पलंगावर दाटीवाटीने बसतात, समोर निळ्या-पिवळ्या छिटाचा पडदा. पुरुषांना प्रवेश नाही, त्यामुळे पुरुषांची कामं ज्यो मन भरून करते. नाटकाच्या मध्येच मनोरा कोसळतो, आणि शेवटी टाळ्या चालू असतानाच प्रेक्षकांचा पलंगही मिटतो.

आणखी एक गंमत आहे, दर शनिवारी रात्री माळ्यावर भरणारी सभा. चार्ल्स डिकन्सच्या पिकविक मंडळाची पोरींनी हुबेहूब उभी केलेली नक्कल. मेग पिकविक, ज्यो स्नॉडग्रास, बेथ टपमन, ॲमी विंकल. हाताने लिहिलेलं साप्ताहिक वाचलं जातं. त्यात गोष्टी, कविता, जाहिराती, शिवाय आठवड्यातल्या एकमेकींच्या चुका.

या सगळ्यात मार्मी कुठे आहे? माळ्यावर नाही. सभेत नाही. पत्रा कापायला नाही. ती पोरींना शिकवत नाही, सुधारत नाही, कुणी पाहुणा आला की कौतुकाने नाटक करूनही दाखवायला लावत नाही. जिने चढून वर काय चाललंय हे बघायला ती येत नाही, आणि हा तिचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो. आज आपण मुलींच्या छंदाला फी भरतो, गणवेश घेतो, आणि दाराशी बसून राहतो. मीही बसते. मार्मी कोपऱ्यावर मुली वळून बघतात तेव्हा खिडकीत असते. मान हलवते, हसते, हात करते. त्या कामावर जातात, ती आत वळते.

मग अकरावं प्रकरण येतं, आणि धाकटीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

जूनची सुरुवात. मेग आणि ज्यो दोघींनाही कामातून मोकळीक मिळाली आहे. आता नुसतं लोळायचं आणि खेळायचं, घरकाम नाही, असं मुली ठरवतात. मार्मी आठवडाभर करून बघा म्हणते. आठवडा लांबतो, चिडचिड वाढते, पण कबूल कोण करणार? शनिवारी सकाळी मुली खाली येतात तर स्वयंपाकघरात चूल थंड, टेबलावर न्याहारी नाही, आई दिसत नाही. घरात काम करणाऱ्या हॅनाला मार्मीने सुट्टी देऊन टाकलेली. मेग धावत वर जाऊन खाली येते आणि सांगते, आई आजारी नाही, दमली आहे, दिवसभर खोलीत शांत बसणार आहे. मुली ताटलीत न्याहारी पाठवतात. चहा उकळून कडू, ऑम्लेट करपलेलं, बिस्किटांत खाण्याच्या सोड्याचे ठिपके. मार्मी आभार मानून ठेवून घेते, आणि ज्यो गेल्यावर हसते. स्वतःची सोय तिने गुपचूप आधीच केलेली असते.

थोड्या वेळाने ज्यो दुपारच्या जेवणाचं विचारायला वर जाते. तिला काय दिसतं? आई भर सकाळी झुलत्या खुर्चीत बसून वाचते आहे. हे दृश्य ज्योला ग्रहण, भूकंप किंवा ज्वालामुखीइतकंच अजब वाटतं, असं अल्कॉट लिहिते. आई सांगते, मी आज बाहेर जेवणार आहे. आणि पुढे एक वाक्य सहज टाकते. मला घर चालवणं कधीच आवडलं नाही, आज मी सुट्टी घेणार, वाचणार, लिहिणार, लोकांकडे जाणार, माझी करमणूक करणार, असा त्याचा आशय.

हे वाक्य मी इतक्या वर्षांत डोळ्यांखालून घातलं होतं, वाचलं नव्हतं. 'कधीच' आवडलं नाही. जी सकाळी गात उठते, जिच्या हातून सारं घर चालतं, तिला ते आवडत नाही. आणि तिला जे आवडतं त्याची यादीही ती स्वतःच देते. वाचणं, लिहिणं, माणसांना भेटणं. ज्योला लिहायचं वेड कुठून आलं, हे कादंबरी उघडपणे कुठे सांगत नाही. या एका ओळीत ते सांगून टाकलेलं आहे, आणि ज्योचंच तिकडे लक्ष नाही. तिला जेवणाची पडली आहे.

जेवणाचं पुढे काय होतं ते प्रसिद्धच आहे. शतावरीचे शेंडे शिजून शिजून गळून पडतात आणि देठ आणखी कडक होतात, पाहुण्यांसमोरच्या स्ट्रॉबेरींवर साखरेऐवजी मीठ पडतं, साय आंबलेली निघते. आमच्या चटईवर हसून हसून दोघींचे डोळे पाण्याने भरले. पण त्या हसण्याच्या मध्येच अल्कॉटने बेथचा कॅनरी पक्षी ठेवला आहे. त्या आठवड्यात त्याला दाणापाणी द्यायचं राहून गेलं. पिंजऱ्यात तो मरून पडलेला. बेथ त्याच्यासाठी कफन शिवत बसते, आणि तोवर तो सोंगट्यांच्या डबीत निजलेला. बाहेर जाण्याआधी मार्मी घरात इकडेतिकडे डोकावते आणि बेथजवळ थांबून तिला धीर देते. मग जाते. हे जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलगी रडते आहे, आई तिला धीर देते आणि तरीही ठरल्याप्रमाणे निघते. आपल्याकडच्या किती गोष्टींतली आई इथे चप्पल पुन्हा काढून ठेवील!

संध्याकाळी ती मुलींना कामाचं महत्त्व समजावते. तो भाग खरं सांगायचं तर मला कमी आवडतो. झुलत्या खुर्चीतली मार्मी जे सांगून गेली, त्यापेक्षा उपदेश करणारी मार्मी बरीच लहान बोलते. प्रकाशकाला मुलींसाठी पुस्तक हवं होतं, त्याची ही किंमत असावी.

आठव्या प्रकरणातलं एक बोलणं याच्या शेजारी ठेवायला हवं. ॲमीने ज्योची वही जाळली, ज्योने राग धरला, आणि त्या रागापायी ॲमी बर्फातून पाण्यात पडून मरता मरता वाचली. त्या रात्री मार्मी ज्योला सांगते, की मलाही जवळजवळ रोज राग येतो, फक्त तो न दाखवायला मी शिकले आहे. गाणारी, शांत, हसतमुख मार्मी. रोजचा राग. आणि न आवडणारं घरकाम. दोन्ही धागे एकाच बाईचे आहेत, पण अल्कॉटने ते तीन प्रकरणांच्या अंतरावर ठेवले. एकत्र वाचायचे की नाही, ते आपल्यावर.

अल्कॉटने हे कुठून आणलं, ते माहीत असलं की वाचन आणखी गहिरं होतं. लुइसा आपल्या आईला खरंच मार्मी म्हणायची. ॲबिगेल अल्कॉट, घरात ॲबा. नवरा ब्रॉन्सन विचारवंत, आणि पैसा मिळवण्यात सदा मागे. १८४३ मध्ये त्याने मित्राबरोबर 'फ्रूटलँड्स' नावाची आदर्श वसाहत काढली. ती काही महिन्यांत मोडली, आणि तिथली धुणीभांडी, स्वयंपाक, सारा राबता बहुतेक एकट्या ॲबावर पडला. लुइसाने पुढे त्यावर बोचरी कथाही लिहिली. बॉस्टनमध्ये गोरगरिबांत पगारावर काम करणाऱ्या पहिल्या काही बायकांत ॲबा होती. म्हणजे तिला माणसांत जायचं होतं आणि ती गेली. कॉनकॉर्डच्या 'ऑर्चर्ड हाउस'मध्ये लुइसाच्या धाकट्या बहिणीने, मेने, भिंतींवर काढलेली चित्रं आजही आहेत. भिंत खराब झाली म्हणून ती कुणी पुसली नाहीत. १८६८ मध्ये, प्रकाशक मुलींची गोष्ट मागतोय तर लिहावी का, असा प्रश्न पडला तेव्हा आपल्या बेताला मार्मी आणि बहिणींचा होकार आहे, अशी नोंद लुइसाने रोजनिशीत केली आहे. आपलं घर पुस्तकात जातंय, आपला राग जातोय, आपलं न आवडणं जातंय. तरी आईने होकार दिला.

आम्ही वाचत वाचत पुढे गेलो. नाताळच्या सकाळी मुली आईला भेटी देतात, तो भाग धाकटीने पुन्हा वाचायला लावला. बेथने हातरुमालांवर स्वतः अक्षरं भरली आहेत. 'एम. मार्च' असं हवं होतं, तिने भरलं आहे 'आई'. ज्योला गंमत वाटते. बेथ म्हणते, मेगचीही आद्याक्षरं तीच येतात, आणि हे रुमाल मार्मीशिवाय कुणी वापरू नयेत. म्हणजे मार्मीचंही नाव 'एम'वरूनच. पूर्ण नाव काय, ते इथे नाही.

ते दुसऱ्या भागात आहे, १८६९ साली आलेल्या. मेगला जुळी होतात. मुलगी झाली तिचं नाव मार्गारेट ठेवतात, आईचं आणि आजीचं. मग घरात दोन मेग नकोत म्हणून बाळाला डेझी म्हणायचं ठरतं.

थोरलीने ती ओळ वाचली आणि पुस्तक छातीवर उपडं ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "तुला काय आवडतं?"

मी सांगू लागले. चहाची वेळ टळून गेली, आणि उठून गॅसपाशी कुणी गेलं नाही.