स्वयंपाकघरातला महाभयंकर प्रसंग : कार्मेन माउरा आणि स्पॅनिश अभिनयाची वाट

माद्रिदच्या एम-३० महामार्गालगत दाटीवाटीने उभ्या असलेल्या इमारती. त्यातल्या एका अरुंद घरात ग्लोरिया राहते. ती दिवसभर लोकांची घरं आणि फरश्या पुसते, झोप आणि थकवा मारायला गोळ्या घेते. एके दिवशी टॅक्सी चालवणारा नवरा तिच्यावर हात उचलतो. ती हाताला लागलेलं, खारवलेल्या डुकराच्या तंगडीचं हाड उचलून त्याच्या डोक्यात घालते. नवरा जागीच मरतो आणि ते हाड रश्श्याच्या पातेल्यात शिजायला जातं.

पेद्रो आल्मोदोवारच्या १९८४ सालच्या ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?’ या चित्रपटातला हा प्रसंग कागदावर वाचला तर प्रहसन वाटेल. पडद्यावर मात्र हसू येता येता घशात अडकतं, आणि त्याचं श्रेय कार्मेन माउराचं आहे. तिची ग्लोरिया खून करत नाही, दिवसभराच्या कामांतलं आणखी एक काम उरकते. आल्मोदोवारने काही ठिकाणी कॅमेरा चक्क ओव्हनच्या आणि धुलाईयंत्राच्या आत बसवला आहे. वाकून आत बघणारा तिचा चेहरा आपल्याला यंत्राच्या बाजूने दिसतो. त्या चेहऱ्यावर अभिनयाचा मागमूस नाही, नुसता शीण आहे.

अफाट घटना घरकामाच्या लयीत करून दाखवणं ही माउराची खरी कमाई. गेल्या चार दशकांतल्या स्पॅनिश पडद्यावरच्या स्त्री-अभिनयाला तिने जे दिलं, त्याची मुळं इथेच आहेत.

तिचा जन्म १९४५चा, माद्रिदचा. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेकदा पंतप्रधान झालेले पुराणमतवादी नेते आंतोनियो माउरा याच घराण्यातले. असल्या घरातल्या मुलीने हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत नटी होणं कुणालाच रुचणारं नव्हतं. लग्न लवकर झालं, दोन मुलं झाली. काही काळ तिने कलादालन चालवलं. मग कॅफे-थिएटरच्या छोट्या मंचांवर ती उभी राहिली. त्याची किंमत जबर होती. लग्न मोडलं आणि मुलांचा ताबाही तिच्या हातून गेला. पुढे तिने उभ्या केलेल्या आयांमध्ये जी भीती आणि जो हट्ट आहे, त्याला या अनुभवाचं अस्तर असावं असं वाटतं. पण तिच्या अभिनयाचं सगळं स्पष्टीकरण तिच्या दुःखातून शोधणं अन्यायाचं होईल. तिची कारागिरी शिकून, घासूनपुसून मिळवलेली आहे.

१९७५च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँको गेला, दोन वर्षांनी चित्रपटांवरची सेन्सॉरशिप उठली. त्याच सुमाराला टेलिफोन कंपनीत नोकरी करणारा आणि सुपर-एट कॅमेऱ्यावर लघुपट काढणारा आल्मोदोवार तिला भेटला. ‘पेपी, लुसी, बोम’ हा १९८०चा चित्रपट आल्मोदोवारच्या मंडळींनी सुट्टीच्या दिवशी, पैसे जमतील तसा, वर्षाहून अधिक काळ चित्रित केला. त्यातली माउरा अजून कच्ची आहे, पण तिच्यातला बेधडकपणा नवा होता. १९८१मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर ‘एस्ता नोचे’ या रात्रीच्या कार्यक्रमाची ती सूत्रसंचालक झाली आणि घराघरांत पोचली. दूरचित्रवाणीचा हा टप्पा चरित्रकार भरभर ओलांडतात. वास्तविक कॅमेऱ्याकडे शेजारणीसारखं बघायची तिची सवय इथे पक्की झाली असणार.

‘लॉ ऑफ डिझायर’ (१९८७) मधली तिना ही ट्रान्स स्त्री आहे. उन्हाळ्याच्या रात्री रस्ता धुणाऱ्या कामगाराला ती आपल्यावर पाण्याचा झोत सोडायला सांगते, आणि स्पॅनिश सिनेमातली एक अविस्मरणीय प्रतिमा जन्माला येते. आज या भूमिकेकडे बघताना प्रश्न पडायला हवा. त्याच चित्रपटात बिबी आंदर्सन ही ट्रान्स अभिनेत्री होती, पण तिला एका मुलीला सोडून जाणाऱ्या आईची भूमिका मिळाली. ही उलटापालट मुद्दाम केलेली आणि त्या काळासाठी धाडसाची होती. आजचा दिग्दर्शक तिनाची निवड बहुधा वेगळी करेल आणि तेही योग्यच ठरेल. तरी माउराने तिनाची थट्टा कुठेही होऊ दिली नाही, हे मान्य करावंच लागतं.

मग आला ‘विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाउन’ (१९८८). यातली पेपा डबिंग कलाकार आहे. ‘जॉनी गिटार’मधल्या जोन क्रॉफर्डला ती आवाज देते आहे. समोरचा पुरुषी आवाज आधीच ध्वनिमुद्रित झालेला आहे आणि तो तिला सोडून गेलेल्या प्रियकराचा, इव्हानचा आहे. स्पेनमध्ये १९४१च्या आदेशाने परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं झालं होतं. सेन्सॉरच्या हातात ते सोयीचं हत्यारही ठरलं, कारण संवादच बदलून टाकता यायचे. त्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर हे दृश्य आणखी बोचतं. पेपाला प्रेमाचे शब्द म्हणायचे आहेत, पण तेही दुसऱ्या बाईच्या ओठांच्या हालचालीत बसवून. माउराचा आवाज व्यावसायिक शिस्तीत राहतो, डोळे मात्र भरत जातात. या भूमिकेने तिला स्पेनचा गोया पुरस्कार आणि पहिल्याच युरोपियन चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला.

त्यानंतर तिचं आणि आल्मोदोवारचं बिनसलं. वृत्तपत्रांना चघळायला विषय मिळाला. अभिनयाच्या दृष्टीने तुटणं लाभाचं ठरलं. कार्लोस सौराच्या ‘आय, कार्मेला!’ (१९९०) मध्ये ती स्पॅनिश यादवी युद्धातल्या तमासगीर जोडीतली बाई झाली. होसे सांचिस सिनिस्तेराच्या नाटकावर बेतलेल्या या चित्रपटात, १९३८ साली फ्रँकोच्या सैनिकांसमोर या जोडीला खेळ करावा लागतो. प्रेक्षागारात मृत्युदंडाची वाट बघणारे परदेशी कैदीही बसवलेले आहेत. त्यांची विटंबना करणारा प्रवेश आला की कार्मेलाचा तोल सुटतो. कार्मेला राजकारणातली नाही, तिला फक्त हे सहन होत नाही. माउराने हा क्षण वीरांगनेचा होऊ दिला नाही, म्हणून तो खरा वाटतो. चित्रपटाला तेरा गोया मिळाले, त्यातला एक तिचा.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मात्र स्पॅनिश पटकथाकारांची तिच्यासाठीची कल्पनाशक्ती आटली. ती फ्रान्सकडे वळली. एतिएन शातिलिएज, आंद्रे तेशिने यांच्याकडे तिने फ्रेंचमधून कामं केली. फिलीप ल गे याच्या ‘द विमेन ऑन द सिक्स्थ फ्लोअर’मध्ये ती १९६२च्या पॅरिसमध्ये पोटमाळ्यावर राहून घरकाम करणाऱ्या स्पॅनिश बायांपैकी एक होती. त्यासाठी २०१२मध्ये तिला सेझार हे फ्रेंच चित्रपट पारितोषिक मिळालं.

मायदेशात मोजक्यांनीच तिला ओळखलं. आलेक्स दे ला इग्लेसियाच्या ‘ला कोमुनिदाद’ (२०००) मध्ये ती घरं विकणारी दलाल आहे. एका मृत म्हाताऱ्याच्या घरात तीस कोटी पेसेता सापडतात आणि सगळी इमारत तिच्या जिवावर उठते. पन्नाशी उलटलेली बाई छपरांवरून धावते, लटकते, मारामारी करते. आणि २००६च्या ‘वोल्वेर’मध्ये आल्मोदोवारने तिला परत बोलावलं, तेही भूत म्हणून. मोटारीच्या डिकीतून निघणारी ही आई लेकीच्या घरगुती केशकर्तनाच्या धंद्यात रशियन मदतनीस बनून केस धुते. पुढे दुसरी लेक, म्हणजे पेनेलोपे क्रूझ, गाते आणि ही आई गाडीत दडून ते ऐकते. कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार या चित्रपटातल्या सहा जणींना मिळून देण्यात आला. त्या वर्षी परीक्षकांनी याहून अचूक काही केलं नसेल, कारण ते सगळं काम एकमेकींच्या आधाराने उभं होतं.

आज चित्र कसं आहे? एका बाजूला कार्ला सिमोनचा ‘आल्कारास’ आहे, ज्याने २०२२मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल जिंकलं आणि ज्यात शेतकरी कुटुंब साकारणारे बहुतेक लोक व्यावसायिक नट नाहीत. दुसऱ्या बाजूला ‘ला कासा दे पापेल’ या मालिकेनंतर मालिकांचा महापूर आहे. तिथे कथानक इतकं घाईत असतं की नटाला चेहरा स्थिर ठेवायला जागाच उरत नाही. या दोन्हींच्या मधली, भूमिका रचून वागणं सहज करण्याची कला पातळ होण्याचा धोका आहे. तरी ती जिवंत आहे. ‘आईदा’ या लोकप्रिय मालिकेत कार्मेन माचीने सफाई कामगार बाईला जी ऐट दिली, ती ग्लोरियाच्या कुळातली. ‘माइशाबेल’ या चित्रपटातली ब्लांका पोर्तियो, ‘सिंको लोबितोस’मधल्या लाइया कोस्ता आणि सुसी सांचेझ या मायलेकी यांचं काम बघताना तीच शाळा आठवते. बाळाला दूध पाजणं, भांडी घासणं, सोफ्यावर आडवं होणं यांतूनच भांडण आणि माया दोन्ही उलगडतात.

स्वतः माउरा अजून थांबलेली नाही. २०२४च्या ‘लँड ऑफ विमेन’ या इवा लाँगोरियाच्या मालिकेत ती विस्मृतीने ग्रासलेली आई होती. वयस्क अभिनेत्रीसाठी आज हमखास राखून ठेवलेली ही चौकट. पण २०२५च्या ‘काये मालागा’मध्ये तिने ती मोडली. यात तँजिअरमध्ये जन्म काढलेली स्पॅनिश म्हातारी, मुलगी घर विकायला निघाली तरी तिथून हलायला नकार देते, आणि त्या धडपडीत प्रेमातही पडते. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या अभिनेत्रीला देह, हट्ट आणि इच्छा असलेली ही भूमिका मिळाली ती माद्रिदहून नव्हे. ती मरियम तुझानी या मोरोक्कन दिग्दर्शिकेने लिहिली. स्पॅनिश निर्मात्यांनी हे मनाला लावून घ्यावं, कारण माचीपासून पोर्तियोपर्यंतची त्यांची आजची उत्तम फळी त्याच वयाकडे निघाली आहे.