लुप्त सरीसृपांचे वर्गीकरण : नाव, नमुना आणि नाते

धाराशिव जिल्ह्याची भूमी प्रामुख्याने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्ट खडकाची आहे. आद्य सरीसृपांचा काळ त्याहून पुष्कळ प्राचीन असल्याने येथील विद्यार्थ्यास त्यांचा परिचय पाठ्यग्रंथांतूनच होतो. म्हणूनच पाठ्यग्रंथीय मांडणीची चिकित्सा आवश्यक ठरते. कवटीच्या कानशिलावरील छिद्रांच्या संख्येवरून गट पाडून ते पायऱ्यांप्रमाणे क्रमाने सांगण्याची पद्धत स्मरणास सोपी आहे. परंतु नाते कोणत्या पुराव्यावर ठरते आणि का बदलते, हे तिच्यातून कळत नाही.

पॅरासुकस हिस्लोपी हे याचे बोलके उदाहरण होय. १९५६ पर्यंत उस्मानाबाद जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्यातील व आज तेलंगणात असलेल्या मलेरी येथील ट्रायासिक खडकांत त्याचे अवशेष मिळाले. रिचर्ड लायडेकर यांनी १८८५ मध्ये या प्राण्याचे वर्णन केले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव त्यास जोडलेले आहे. मात्र मूळ अवशेषांत दोन प्राण्यांची सरमिसळ होती : मुस्कटाचा भाग फायटोसॉरचा, तर कवटीचा तळभाग शाकाहारी ऱ्हिंकोसॉरचा. शंकर चटर्जी यांनी १९७८ मध्ये नव्या सांगाड्यांच्या आधारे पुनर्वर्णन केले. मूळ तुकडा ओळखीस अपुरा असल्याचा आक्षेप पुढे आला आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने भारतीय सांख्यिकी संस्थेकडील सांगाडा त्या नावाचा आधार म्हणून मान्य केला.

नावाचा प्रश्न मिटला तरी नात्याचा मिटला नाही. फायटोसॉरचा जबडा मगरीसारखा लांब, परंतु नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाशी नसून डोळ्यांजवळ असतात. हे साम्य रक्ताचे नव्हे, राहणीचे होय. काही अभ्यासक फायटोसॉरांना मगरींच्या शाखेत ठेवतात. स्टर्लिंग नेस्बिट यांनी २०११ मध्ये त्यांना मगरी व पक्षी यांच्या सामाईक वंशाबाहेर, पण निकट, स्थान दिले. ऱ्हिंकोसॉर एकेकाळी न्यूझीलंडच्या टुआटाराचे आप्त समजले जात. आज ते मगरी-पक्ष्यांच्या बाजूस गणले जातात. दोघांच्याही कवटीस दोन-दोन छिद्रे आहेत; केवळ छिद्रे मोजून हा भेद उलगडत नाही.

यावरून छिद्रांचे लक्षण निरुपयोगी ठरत नाही. ते एकटे अपुरे आहे, इतकेच. अध्यापनात प्रत्येक गटासोबत त्याचा पुरावा आणि त्यावरील मतभेद मांडले गेले, तर वर्गीकरण ही पाठांतराची यादी न राहता तपासता येणारे विधान ठरेल. जीवाश्मांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांत तर याची निकड अधिक आहे.