उपभोक्ता समतोलाची आकृती : स्पर्शबिंदूचा आग्रह आणि त्याच्या मर्यादा

पदवी स्तरावरील सूक्ष्म अर्थशास्त्राच्या अध्यापनात समवृत्ती वक्राच्या आकृतीचे स्थान वादातीत मानले जाते. एजवर्थ यांनी १८८१ मध्ये या वक्राची कल्पना मांडली, पॅरेटो यांनी ती उपयोगितेच्या मापनापासून मुक्त केली आणि हिक्स व ॲलन यांच्या १९३४ च्या लेखाने तिला आजचे रूप दिले. उपयोगिता न मोजता निवडीचा उलगडा करता येतो, हे या साधनाचे मोठे यश होय. परंतु वर्गात हे साधन उत्तर शोधण्यासाठी न वापरता तयार उत्तर म्हणून पाठ केले जाते. विद्यार्थी प्रथम तीन वक्र काढतो, मधल्या वक्राला स्पर्श करणारी किंमत रेषा नंतर ओढतो आणि स्पर्शबिंदूला ‘समतोल’ हे नाव देतो. वस्तुतः रेषा उत्पन्न व किमती यांवरून ठरते. तिचा मान पहिला आहे.

रेषा आधी काढली की काय घडते, हे शिधापत्रिकेवरील तांदळाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य देय आहे; तांदळाचा दर ३ रुपये किलो होता. पाच जणांच्या कुटुंबाचा सर्व कोटा तांदळाचा, मासिक खर्च ३,००० रुपये आणि बाजारभाव ३० रुपये किलो असे सोयीसाठी मानल्यास, आडव्या अक्षावर तांदूळ व उभ्या अक्षावर इतर खर्च येतो. रेषा ३,००० रुपयांपासून निघून २५ किलोपर्यंत मंद उताराने २,९२५ रुपयांवर येते. तेथून उतार दहापट होऊन ती १२२.५ किलोवर आडव्या अक्षास मिळते. या कोपऱ्यावर थांबणाऱ्या कुटुंबाचा सीमांत पर्यायता दर ३ व ३० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. म्हणूनच बाजारभाव थोडा हलला तरी त्याची तांदळाची खरेदी हलत नाही. ‘पर्यायता दर बरोबर किंमत गुणोत्तर’ हे समीकरण पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हा निष्कर्ष सुचत नाही. तो कोपराच गोलसर करून टाकतो.

१ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. किंमत घटली, म्हणून पर्यायता परिणाम आणि उत्पन्न परिणाम दोन्ही घडले, असे साचेबंद उत्तर यावर मिळते. कोट्यापलीकडे बाजारातून तांदूळ घेणाऱ्या कुटुंबाबाबत ते चुकीचे आहे. त्याच्या शेवटच्या किलोची किंमत ३० रुपयेच राहिली. रेषेचा तीव्र भाग केवळ समांतर सरकला आणि कुटुंबाच्या हाती ७५ रुपये अधिक आले. ते तांदळावर जातील की डाळ-तेलावर, हे वक्रांच्या आकारावर अवलंबून राहील.

आकृती दोनच वस्तूंपुरती चालते, हा गणिती पद्धतीच्या समर्थकांचा आक्षेप रास्त आहे. तथापि लाग्रांज गुणकाची पद्धत यांत्रिकपणे वापरल्यास तीही याच कोपऱ्यावर अडखळते, तर काळजीपूर्वक काढलेल्या आकृतीत तो कोपरा डोळ्यांना दिसतो. त्यामुळे दोष आकृतीपेक्षा प्रश्नपत्रिकेकडे अधिक जातो. ‘समतोल आकृतीसह स्पष्ट करा’ याऐवजी उत्पन्न, कोटा व दोन दर देऊन प्रथम केवळ रेषा काढावयास सांगता येईल. आणि कोट्यातील तांदूळ बाजारभावाने विकता आला तर त्या रेषेचे काय होईल, हा पुढचा उपप्रश्न त्याच आकृतीवर विचारता येईल.