नाव की घर? : ‘ऑफशोअर’ कादंबरी आणि पाण्यावरील वस्तीचे विस्थापन

पेनेलपी फिट्झजेराल्ड (१९१६–२०००) या इंग्रज लेखिकेच्या ‘ऑफशोअर’ या कादंबरीस १९७९ साली बुकर पारितोषिक मिळाले. लंडनमध्ये थेम्स नदीच्या बॅटर्सी रीच या भागात, काठाला बांधून ठेवलेल्या जुन्या बार्जांवर संसार थाटलेल्या माणसांची ही लहानशी कथा आहे. तिचा काळ १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. त्याच सुमारास लेखिका स्वतः ‘ग्रेस’ नावाच्या एका बार्जवर मुलांसह राहत होती, आणि ती बार्ज पुढे बुडाली. कादंबरीतील नेना हिच्या नावेचे नावही ‘ग्रेस’च आहे.

या कृतीचा विचार करताना ‘उंबरठा’ ही कल्पना सहजच पुढे येते. ही माणसे जमिनीची नाहीत आणि पाण्याचीही नाहीत. भरतीबरोबर त्यांची घरे तरंगतात, ओहोटीबरोबर चिखलात बसतात. आणि त्यांची मनेही निश्चय व अनिश्चय यांच्यामध्ये हेलकावत असतात. हे वाचन यथार्थ आहे. तथापि त्यातून पुष्कळदा असा सूर निघतो की, ही मधली अवस्था म्हणजे एक प्रकारचे स्वातंत्र्यच होय. या सुराची थोडी तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रथम कादंबरीचीच साक्ष घेऊ. युद्धकाळी नौदलात असलेला रिचर्ड ब्लेक आपल्या शेजाऱ्यांना त्यांच्या नावेच्या नावाने संबोधितो. यात विनोद आहे खरा. परंतु माणसाची ओळख आणि त्याचा निवारा येथे एकरूप झाले आहेत, हेही त्यातून सूचित होते. वृद्ध चित्रकार विलिस याला आपली ‘ड्रेडनॉट’ विकावयाची आहे. तिला गळती लागली आहे, आणि गिऱ्हाइकापाशी शेजाऱ्यांनी त्याविषयी मौन पाळावे, अशी त्याची विनवणी आहे. कादंबरीचा आरंभच या विनवणीवरील चर्चेने होतो. पुढे विक्री होण्यापूर्वीच नाव बुडते. नेनाचा पती एडवर्ड नावेवर राहावयास तयार नाही. तिच्या मनात वारंवार एक न्यायालय भरते आणि त्यात आरोपी तीच असते. लेखिकेने खटल्याचेच रूपक योजावे, हे अर्थपूर्ण आहे. तू येथे का राहतोस, असे जमिनीवर राहणाऱ्यास सहसा कोणी विचारीत नाही. पाण्यावर राहणाऱ्यास मात्र या प्रश्नाचे उत्तर सदैव तयार ठेवावे लागते. या व्यक्तींच्या वाट्यास आलेली मधली अवस्था मुक्तीपेक्षा असुरक्षिततेच्याच अधिक जवळची आहे.

नेनाच्या मनात जे न्यायालय भरते, त्याच प्रश्नाचा निर्णय पुढे प्रत्यक्ष न्यायालयांनाही करावा लागला. कथेची भूमी असलेल्या थेम्सच्या त्याच परिसरात, चेल्सीच्या काठी, भाड्याने घेतलेल्या एका हाउसबोटीवर राहणाऱ्या भाडेकरूस गृहभाडे-कायद्याचे संरक्षण मिळावे काय, असा वाद इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आला. २००० साली निर्णय झाला तो असा : दोर, तारा आणि नळ सोडविले की नाव इजा न होता हलविता येते, म्हणून ती जमिनीचा भाग नाही, जंगम वस्तू आहे, आणि म्हणून ते संरक्षण तिला लागू नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील रिव्हिएरा बीच येथे याच्या उलट घडले. तेथील मरीना नगराच्या मालकीचा होता, आणि त्याच्या पुनर्विकासाच्या योजनेस फेन लोझमन या तेथील रहिवाशाने विरोध केला होता. २००९ मध्ये नगराने त्याचे तरंगते घर हे ‘जहाज’ आहे असे म्हणून सागरी कायद्याखाली जप्त करविले, लिलावात स्वतःच विकत घेतले आणि नष्ट केले. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, ते जहाज नव्हतेच. घर मात्र तोवर राहिले नव्हते.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. एके ठिकाणी नावेवरचा माणूस हरला तो त्याचे घर नाव ठरल्यामुळे. दुसऱ्या ठिकाणीही त्याचे घर गेले ते नाव समजले गेल्यामुळेच. ‘ना घरचा ना घाटाचा’ ही म्हण येथे शब्दशः खरी होते. मधल्या जागेचा लाभ तीत राहणाऱ्यास क्वचितच होतो. ती जागा ज्याच्या हाती आहे, त्यास तो सहज घेता येतो.

खाजगी मरीनांच्या पुनर्विकासात हे अधिक ठळकपणे दिसते. कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे पीट्स हार्बर नावाचा खाजगी मरीना होता. त्या परिसरातील उंच इमारतींची एक योजना २००४ साली मतदारांनी नामंजूर केली. पुढे २०१२ मध्ये त्याच जागी ४११ सदनिकांच्या योजनेस नगराच्या नियोजन मंडळाची मान्यता मिळाली, आणि नावांवर राहणाऱ्यांस जानेवारी २०१३ पर्यंत निघून जाण्यास सांगण्यात आले. सान फ्रान्सिस्को उपसागराचे नियमन करणाऱ्या राज्य आयोगाचे धोरण असे की, मरीनातील फार तर दहा टक्के जागा निवासी नावांस द्याव्यात. कारण पाणी हे सर्व जनतेचे आहे, ते थोड्यांच्या घरांसाठी अडवू नये. हे तत्त्व अनुचित म्हणता येणार नाही. परंतु त्याचा परिणाम पाहा. पाण्यावरची वस्ती मोजून ठेविली जाते, आणि पाण्याकाठची शेकडो घरे ‘विकास’ ठरतात. नाव हलविता येते, हे कायदा जाणतो. पण हलवून न्यावयाची कोठे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. जेथे प्रत्येक मरीनातील निवासी जागा मर्यादित आहेत, तेथे नावेची गतिशीलता ही केवळ कागदावरची राहते.

आता पुन्हा कादंबरीकडे वळू. तिच्या शेवटी वादळ येते, आणि मॉरिस व एडवर्ड यांना घेऊन ‘मॉरिस’ ही नाव दोर तोडून प्रवाहात निघते. या वस्तीचा भंग लेखिकेने वाऱ्याच्या हाती सोपविला आहे. इतिहासात तो भंग नोटिशीने, कराराने आणि आराखड्याने होतो. ही कादंबरीची मर्यादा मानावी काय? ललित कृतीने अर्जाचे काम करावे अशी अपेक्षा कोणी करू नये, हा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. तरीही वादळाचा शेवट वाचकास एक सोय करून देतो : निसर्गास कोणी जाब विचारीत नाही, त्यामुळे विस्थापनास कर्ताच उरत नाही. शेवटाच्या या काव्यमयतेवरच लक्ष खिळविले तर विलिसची गळती नजरेआड होते. वस्तुतः कादंबरीचे मर्म त्या गळतीतच अधिक आहे. आपले घर विकल्यावाचून ज्याला म्हातारपणाची सोय नाही आणि दोष लपविल्यावाचून जे विकता येत नाही, अशा माणसाचे ते चित्र आहे; आणि त्यात व्यवहाराचे कठोर ज्ञान आहे.

म्हणून ‘ऑफशोअर’चा अभ्यास करणाऱ्यांनी उंबरठ्याची प्रतिमा टाकून द्यावी असे नाही, मात्र तिच्यापाशी थांबू नये. उंबरठ्यावर उभे असलेल्या माणसाविषयी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : तो तेथे आपल्या इच्छेने उभा आहे काय, आणि दार कोणाच्या हाती आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर फिट्झजेराल्ड यांनी मोठ्या करुणेने दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या कादंबरीत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे न्यायनिर्णयांच्या आणि नगर-नियोजनाच्या दप्तरांत आहे, आणि तेही वाचणे हे समीक्षकाचे काम होय.