सरहद्दीवरची पत्रे

अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती म्हणून गाजलेले रॉबर्ट ली त्यापूर्वी टेक्ससच्या सरहद्दीवर घोडदळाचे लेफ्टनंट कर्नल होते. 1856 पासून कॅम्प कूपरसारख्या आडरानातील ठाण्यांवरून ते पत्नी मेरी व मुलांना नियमाने पत्रे लिहीत. एलिझाबेथ ब्राउन प्रायर यांनी ‘रीडिंग द मॅन’ (2007) या ग्रंथात त्यांच्या खाजगी पत्रांच्या आधारे त्यांचे चरित्र उभे केले आहे. त्या निमित्ताने या पत्रांविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

या पत्रांतील पिता मनाला भिडतो. जून 1857 मध्ये ठाण्यावरील एका सार्जंटचे तान्हे मूल दगावले, तेव्हा ली यांनी स्वतः थडग्यापाशी अंत्यविधीच्या प्रार्थना वाचल्या व ते दुःख घरी कळवले. लहानग्यांच्या शवपेट्यांपाशी आम्हीही उभे राहिलो आहोत. तो शोक खोटा नाही, हे आम्ही ओळखतो.

परंतु 27 डिसेंबर 1856 च्या पत्रात ते राजकारणाकडे वळतात. गुलामगिरी हे नैतिक व राजकीय अनिष्ट आहे, हे त्यांना मान्य आहे. मात्र तिची झळ गोऱ्यांनाच अधिक लागते, कृष्णवर्णीयांना ही शिस्त आवश्यक आहे आणि तिचा अंत केव्हा व्हावा हे परमेश्वर ठरवील, असे ते लिहितात. भाषा श्रद्धेची आहे. लाभ मात्र मालकाचा आहे.

1857 मध्ये त्यांचे सासरे निवर्तले. पाच वर्षांच्या आत गुलामांना मुक्त करावे, असे मृत्युपत्रात होते. व्यवस्थापक ली यांनी त्यांतील अनेकांना परक्या मळ्यांवर मोलाने धाडले. 1860 पर्यंत एक कुटुंब वगळता सर्व कुटुंबांची ताटातूट झाली होती, असे प्रायर सांगतात. पळून जाऊन पकडल्या गेलेल्या वेस्ली नॉरिस यांनी ली यांच्या आज्ञेने फटके खाल्ल्याचे 1866 मध्ये सांगितले. मुक्ती मिळाली ती 1862 च्या अखेरीस. सार्जंटच्या बाळासाठी हळहळणाऱ्या मनाला या माता दिसल्या नाहीत काय?

जानेवारी 1861 मध्ये ते मुलाला लिहितात की, संघराज्य फुटणे ही महान आपत्ती होय. तथापि संगिनींच्या बळावर टिकवलेले ऐक्य आपणांस नको. 20 एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. गुलामांच्या मुक्तीसाठी देवाच्या घटिकेची वाट पाहणारे ली व्हर्जिनियासाठी मात्र थांबले नाहीत. या पत्रांचे मर्म आमच्या मते येथे आहे.

दोष केवळ त्यांना देऊन आम्हांस सुटता येणार नाही. 1838 मध्ये मेरीलंडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी 272 गुलाम विकले, तेही कॅथलिकच होते. आपल्या घरीही दूरदेशीच्या मुलाचे पत्र आपण डोळे पुसत वाचतो. त्याच वेळी घरकाम करणाऱ्या बाईचे मूल कोठे झोपते, याची चौकशी राहून जाते. ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारताना वाट कोणाला पाहावी लागणार आहे, एवढे तरी आपण पाहावे. ही पत्रे वाचून आम्ही हे स्वतःला विचारले. वाचकांनीही विचारावे, ही विनंती.