इस्तंबूलची प्रवासवर्णने आणि दुभाष्याचा प्रश्न

प्रवासवर्णनाची चिकित्सा करताना प्रवाशाची 'दृष्टी' हा शब्द इतक्या सहजपणे योजला जातो की, प्रवाशाला कानही असतात याचा टीकाकाराला विसर पडावा. एडवर्ड सैद यांचा 'ओरिएंटॅलिझम' हा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून तर पाश्चात्त्य प्रवाशाने पूर्वेकडे कोणत्या नजरेने पाहिले, हाच समीक्षेचा मुख्य प्रश्न होऊन बसला आहे. तो प्रश्न महत्त्वाचा आहे; परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. तो असा की, प्रवाशाने जे लिहिले ते त्याने कोणत्या भाषेत ऐकले आणि कोणाच्या मुखातून ऐकले? इस्तंबूलवर लिहिले गेलेले वाङ्मय विपुल आहे, आणि हे नगर शतकानुशतके बहुभाषिक राहिले आहे. त्यामुळे या प्रश्नाची कसोटी लावून पाहण्यास त्याच्याइतके योग्य नगर क्वचितच सापडेल.

इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या चौथ्या दशकात या नगरात आला तेव्हा येथे बायझंटाइन सम्राटाचे राज्य होते. सुलतान उझबेगची एक बेगम माहेरी निघाली होती, तिच्या परिवारातून तो येथे पोहोचला. सम्राटापुढे त्याला नेण्यात आले त्या वेळी संभाषण झाले ते सीरियातून आलेल्या एका यहुदी दुभाष्याच्या द्वारे. पुढे संन्यस्त झालेल्या वृद्ध माजी सम्राटाची आपली भेट झाली, असे तो सांगतो. जेरुसलेमला जाऊन आलेला हात म्हणून त्या वृद्धाने त्याचा हात हाती धरला. हा प्रसंग हृद्य आहे खरा. पण इब्न बतूताच्या भेटीचा जो काळ सामान्यतः मानला जातो, त्याच्याशी दुसऱ्या आंद्रोनिकोसचा १३३२ मधील मृत्यू जुळत नाही, आणि इब्न बतूताने दिलेले नावही जुळत नाही. अभ्यासक यावरून त्याच्या सत्यनिष्ठेविषयी शंका घेतात. वस्तुतः येथे आणखी एक शक्यता विचारात घ्यावयास हवी. समोरचा पुरुष कोण हे इब्न बतूताने स्वतः ओळखले नव्हते. ते त्याला सांगण्यात आले होते. आया सोफिया ही वास्तू सुलेमानाच्या मावसभावाने बांधली, असेही तो लिहितो. ही आख्यायिका ग्रीक मुखातून निघून अरबी कानापर्यंत येताना वाटेत बदलली, की मुळातच ती अरबी होती, याचा निर्णय आज करता येणार नाही. मात्र अशा स्थळी प्रवाशाला खोटे ठरविण्यापूर्वी मध्यस्थाची दखल घेतली पाहिजे.

त्याच वर्णनात एक नोंद मात्र भाषाभ्यासकाच्या दृष्टीने निर्दोष आहे. नगराचे दोन भाग असून एकाचे नाव 'अस्तंबूल' व दुसऱ्याचे 'गलाता', असे तो म्हणतो. १४५३ मधील तुर्की विजयाच्या शतकाहून अधिक काळ आधीची ही नोंद आहे. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, अल्-मसूदीने ग्रीक लोक या नगराला नुसते 'पोलिन' अथवा 'इस्तन-पोलिन' म्हणतात असे नमूद केले होते. 'नगरात', 'नगराकडे' अशा अर्थाचा हा ग्रीक वाक्प्रयोग. विजेत्यांनी नगराचे नाव बदलले, ही लोकप्रिय समजूत ज्यांनी केवळ ऐकून लिहिले त्यांच्या साक्षीनेच खोटी ठरते. डोळ्यांनी पाहिलेल्या वास्तूंपेक्षा कानांनी टिपलेला एक शब्द येथे अधिक विश्वसनीय ठरला आहे.

लेडी मेरी वोर्टली माँटेग्यू या इंग्रज वकिलाच्या पत्नीची पत्रे १७१७-१८ मधील असून ती तिच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्त्रियांच्या स्नानगृहाच्या वर्णनामुळे ती गाजली, आणि समीक्षाही त्याच वर्णनाभोवती घुटमळत राहिली. त्याहून मोलाची आहे ती पेरा या उपनगरातील भाषांची हकिगत. तुर्की, ग्रीक, हिब्रू, आर्मेनियन, अरबी, फारसी, रशियन येथपासून वलाखी आणि हंगेरियनपर्यंत पंधरा भाषा ती मोजते आणि त्यांपैकी दहा आपल्याच घरात बोलल्या जातात असे सांगते. मोतद्दार अरब, दाई आर्मेनियन, मोलकरणी रशियन, कारभारी इटालियन, पहारेकरी तुर्क. अशा घरात वाढणारी मुले पाचसहा भाषा बोलतात, पण लिहिण्यावाचण्याइतकी एकही त्यांना येत नाही, हे तिचे निरीक्षण मार्मिक आहे. भाषांचे स्तर घरातील कामांच्या स्तरांशी कसे जोडलेले असतात, हे तिने कोणतीही परिभाषा न वापरता दाखविले. एक तुर्की कविता तिने कवी पोप याला पाठविली तीही प्रथम शब्दशः आणि मग इंग्रजी काव्यरीतीने सजवून. दोन्ही रूपे शेजारी ठेवल्यामुळे मध्यस्थ कोठे संपतो आणि सजावट कोठे सुरू होते, हे वाचकास तपासता येते. इतकी प्रामाणिकता तिच्यानंतरच्या नामवंतांनी दाखविली नाही.

जेरार द नेर्वाल १८४३ मध्ये येथे आला. रमजानच्या रात्री कॉफीगृहात एका कथेकऱ्याकडून ऐकलेली म्हणून त्याने सुलेमान आणि शेबाची राणी यांची दीर्घ कथा दिली आहे. ती वाचताना तिचे रंग तुर्की कॉफीगृहापेक्षा फ्रेंच फ्रीमेसनांच्या आख्यायिकांना जवळचे आहेत हे लपत नाही. कथा सुंदर आहे. आक्षेप आहे तो तिच्या मुखवट्यावर. एदमोंदो दे अमिचीस १८७४ मध्ये आला. गलाता पुलावर उभा राहून त्याने वाहत्या गर्दीचे जे वर्णन केले ते आजही उद्धृत होते. पण त्यात माणसे ओळखली जातात ती मुख्यतः पोशाखावरून. ती एकमेकांशी काय बोलतात हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. रंगांची ही समृद्धी वस्तुतः बहिरेपणाची भरपाई होय.

पाश्चात्त्य वकिलाती ज्याच्यावर विसंबून असत तो दुभाष्या म्हणजे 'ड्रॅगोमन'. हा शब्द अरबी 'तर्जुमान'चेच अपभ्रष्ट रूप. मराठीतील 'तर्जुमा' त्याच कुळातला. हा नातेसंबंध येथेच संपत नाही. 'तोपकापी' म्हणजे तोफेचा दरवाजा, 'काडिक्योय' म्हणजे काझीचे गाव, आणि 'दोल्माबाहचे'मधील बाहचे म्हणजे आपला बगीचा. 'सिर्केजी' या स्थानकाच्या नावातील सिर्का उघड आहे, आणि 'जी' हा प्रत्यय म्हणजे मशालची, खजानची यांतील 'ची'. तुर्कीत तो शेजारच्या ध्वनींप्रमाणे जी, जू, ची, चू अशी रूपे घेतो. फारसीच्या वाटेने मराठीत आला तो मात्र एकाच रूपात गोठला. ज्या नावांत दे अमिचीसला केवळ नाद ऐकू आला असता, त्यांत मराठी वाचकाला निम्मा अर्थ सापडतो.

या दृष्टीने शिबली नोमानी यांचे उर्दू प्रवासवर्णन स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. अलीगढचे हे अध्यापक १८९२ मध्ये इस्तंबूलला गेले. त्यांचे लक्ष लागले ते ग्रंथालयांकडे, विद्यालयांकडे आणि अभ्यासक्रमांकडे. वर्णन काहीसे रूक्ष आहे, आणि सरकारी शाळांचे कौतुक त्यात जरा अधिकच झाले आहे. तथापि अरबी-फारसीच्या या व्यासंग्याला भिंतीवरील लेख ही नक्षी वाटली नाही. तो मजकूर होता. १९२८ च्या लिपिसुधारणेनंतर ही स्थिती पालटली. नवे फलक युरोपीय पाहुण्याला अर्थ न कळताही वाचता येऊ लागले, आणि शिबलींच्या परंपरेतील वाचकाला ते परके झाले. त्याच वर्षी 'नागरिकहो, तुर्कीत बोला' ही चळवळ सुरू झाली.

ओरहान पामुक यांनी २००३ मधील आपल्या 'इस्तंबूल' या ग्रंथात नेर्वाल आणि गोतिए यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. आधुनिक तुर्की लेखकांनी आपले नगर पाहिले ते पुष्कळदा या परक्यांच्या डोळ्यांनी, असे ते दाखवितात. त्यांचा युक्तिवाद बिनतोड असला तरी तोही दृष्टीचाच आहे. सतराव्या शतकातला इस्तंबूलकर एव्लिया चेलेबी दहा खंडांच्या आपल्या ग्रंथाचा पहिला खंड जन्मगावाला देतो. पुढे जेथे जाईल तेथील भाषांचे नमुने, शिव्यांसकट, टिपून ठेवतो. त्याच्या अतिशयोक्तीला हसणाऱ्यांनी या शब्दसंग्रहांकडे पाहावे.

लेडी मेरीची यादीही आता तशीच वाचावी लागते. १९२३ च्या लोसान तहात इस्तंबूलच्या ग्रीकांना लोकसंख्येच्या अदलाबदलीतून वगळले होते. परंतु सप्टेंबर १९५५ ची दंगल आणि १९६४ मधील हद्दपारी यांनंतर त्यांची संख्या अत्यल्प उरली. पेराचे आजचे नाव बेयोग्लू. तेथील पुरातन घरे प्रवाशाला अजून पाहता येतात.